चहाची पत्रपेटी : ऊलाँग कोणत्या डोंगरावरचा?

गेल्या अंकात ऊलाँग चहाविषयीच्या एका प्रश्नाचे उत्तर जागेअभावी चार ओळींत आटोपावे लागले होते. हिरवा आणि काळा यांच्या मधला, अर्धवट ऑक्सिडीभवन झालेला चहा, एवढेच त्यात सांगता आले. त्यावर मुंबईतूनच इतकी पत्रे आली, की या वेळचे सगळे सदर त्यांनाच द्यायचे ठरवले आहे.

प्रश्न : माझा मुलगा कामानिमित्त तैवानला जाऊन आला आणि येताना त्याने तिथला ऊलाँग आणला. घरात सर्वांना तो आवडला. त्याचा एक मित्र मात्र ठामपणे सांगतो, की खरा ऊलाँग चीनच्या फूज्यान प्रांतातलाच. चहाचे जाणकार नेमका कोणता प्रदेश पसंत करतात?
एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : आपले चिरंजीव आणि त्यांचे मित्र दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण ते दोन वेगळ्या चहांविषयी बोलत आहेत. ऊलाँग हे पान तयार करण्याच्या एका रीतीचे नाव आहे. खुडलेले पान आधी उन्हात आणि मग सावलीत कोमेजू देतात. त्यानंतर वेताच्या पसरट परड्यांत, आपल्याकडे धान्य सुपात घोळवतात तसे, ते थांबून थांबून घोळवतात. त्यात पानाच्या कडा एकमेकांवर घासून ठेचल्या जातात, ठेचलेल्या भागाला हवा लागून तिथे तांबूसपणा चढू लागतो आणि पानाचा मधला भाग हिरवाच राहतो. हवा तेवढा रंग आला, की तापलेल्या कढईत किंवा फिरत्या पिंपात पान परतून ही क्रिया थांबवतात. मग ते मळतात, सुकवतात आणि पुष्कळदा भाजतात. चहा पिऊन झाल्यावर भांड्यातले एखादे अख्खे पान बोटाने उलगडून पाहावे. हलक्या ऊलाँगमध्ये हिरव्या लुगड्याला तांबडा काठ असावा, तशी किनार अजूनही स्पष्ट दिसते.

हा तांबडेपणा किती चढू द्यायचा आणि नंतर पान किती भाजायचे, हे मुलखामुलखाप्रमाणे बदलते. जाणकारांच्या बोलण्यात चार मुलूख पुन्हा पुन्हा येतात : उत्तर फूज्यानमधले वूयी पर्वत, त्याच प्रांताच्या दक्षिणेकडचा आनशी परगणा, शेजारच्या ग्वांगदोंग प्रांतातला फंगह्वांग पर्वत आणि समुद्रापलीकडचे तैवान. यांची पहिला, दुसरा, तिसरा अशी क्रमवारी लावण्यात मला अर्थ दिसत नाही. पंधरा-वीस वर्षे हा चहा पिऊन माझे असे मत झाले आहे, की माणसाची प्रदेशाची आवड ही बहुतेक वेळा भाजणीची आवड असते. भाजणी म्हटले की आपल्याला थालीपीठ आठवते, आणि ते अगदीच अस्थानी नाही, कारण मंद आचेवर, न करपवता, खमंग वास सुटेपर्यंत थांबण्याचे कसब दोन्हीकडे तेच आहे.

भाजणीचा खरा थाट वूयीत पाहायला मिळतो. हे डोंगर फार उंच नाहीत. तिथले वैभव आहे खडकाचे. तांबड्या वालुकाश्माचे सरळसोट कडे, त्यांच्यामध्ये अरुंद घळी, घळीत दिवसातून थोडाच वेळ येणारे ऊन आणि कपारींतून सतत झिरपणारे पाणी, अशा जागी दगडी बांध घालून केलेल्या चिंचोळ्या तुकड्यांत ही झुडपे वाढतात. म्हणूनच या चहाला 'यानछा', म्हणजे खडकाचा चहा, असे म्हणतात. ऐन कड्यांमधल्या चहाला 'जंगयान', त्याच्या बाहेरच्या पट्ट्यातल्याला 'बानयान' आणि नदीकाठच्या सपाटीवरच्याला 'जौछा' अशी तिथली जुनी प्रतवारी आहे; जात तीच आणि कारागीर तोच असला, तरी या तीन जागांच्या भावांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. तयार पान वेताच्या टोपलीत घालून, राखेने झाकलेल्या लाकडी कोळशाच्या फुफाट्यावर तासन्‌तास भाजतात, काही आठवडे विसावू देतात आणि पुन्हा भाजतात. कपात जे येते त्यात भाजलेल्या दाण्याचा खमंगपणा, थोडी गोडी आणि घोट गिळल्यावर घशात बराच वेळ रेंगाळणारी एक थंडसर, दगडी म्हणावी अशी जाणीव असते. 'रौग्वेइ' या तिथल्या जातीचे तर नावच दालचिनीवरून पडले आहे.

जाता जाता एक गोष्ट. इंग्रजांच्या जुन्या कागदपत्रांत 'बोही' नावाचा चहा भेटतो; तो शब्द म्हणजे 'वूयी'चाच दक्षिण फूज्यानी उच्चार. त्याच बोलीतला 'ते' हा शब्द डच व्यापाऱ्यांबरोबर युरोपात जाऊन त्याचा 'टी' झाला, तर आपला 'चहा' हा 'छा' या दुसऱ्या चिनी उच्चाराच्या घराण्यातला आहे.

आनशीचे मोठे नाव 'तिएग्वानयिन', म्हणजे लोखंडी क्वानयिन. क्वानयिन हे अवलोकितेश्वराचे चिनी रूप. हे पान मळून घट्ट गोळीसारखे केलेले असते आणि उकळते पाणी पडले, की दोन-तीन मिनिटांत ती गोळी देठासकट उलगडते. इथे दोन घराणी आहेत : जुने, भाजलेले, तांबूस पाण्याचे; आणि अलीकडचे, जवळजवळ न भाजलेले, हिरवट पाण्याचे आणि फुलांच्या दरवळाचे. दुसरा प्रकार पहिल्या घोटात जिंकतो, पण पाकीट फोडल्यावर दोन महिन्यांत त्याचा जीव जातो. आनशीच्या चहाशेतीला २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने जागतिक महत्त्वाच्या कृषिवारशांत स्थान दिले.

फंगह्वांग पर्वत छाओचौ शहराजवळ आहे. तिथल्या चहाला 'दानत्सोंग', म्हणजे एकेकट्या झाडाचा चहा, असे म्हणतात, कारण पूर्वी एकेका झाडाची पाने वेगळी खुडून वेगळी तयार करीत. वरच्या अंगाला काही शतके जुनी, शिडी लावून खुडावी लागणारी झाडे अजून आहेत. प्रत्येक वाणाला वासावरून नाव दिलेले असते : मधाचे ऑर्किड, बदाम, आल्याचे फूल. सर्वांत गाजलेले नाव मात्र 'याशीशियांग', म्हणजे बदकाच्या विष्ठेचा वास, हे आहे! चहाला अर्थातच तसला वास नाही; उलट तो फुलांसारखा गोड असतो. या उत्तम झाडाची कलमे कोणी चोरू नयेत, म्हणून मालकाने मुद्दाम हे किळसवाणे नाव ठेवले, असे तिथे सांगतात. पुढे २०१४ मध्ये त्याला 'रुपेरी फुलाचा सुगंध' असे सभ्य नाव देण्यात आले, पण गिऱ्हाइकांनी जुने नाव सोडले नाही. दानत्सोंगला वेळेचे भान लागते. पाच-दहा सेकंदांत ओतून घेतला तर तो अत्तरासारखा लागतो, आणि आपल्या सवयीने पाच मिनिटे मुरत ठेवला तर कडूजहर होतो.

आता आपल्या चिरंजीवांचे तैवान. तिथल्या ऊलाँगचे मूळ फूज्यानचेच आहे. आनशीहून आणलेली रोपे उत्तर तैवानच्या शेतकऱ्यांकडून लावून घेऊन जॉन डॉड या इंग्रज व्यापाऱ्याने १८६९ मध्ये दोन जहाजे भरून 'फॉर्मोसा' (हे तैवानचे जुने नाव) चहा थेट न्यूयॉर्कला पाठवला आणि तिथून त्या बेटाची कीर्ती सुरू झाली. आज ज्याच्यासाठी लोक तैवानचे नाव घेतात, तो 'उंच डोंगराचा चहा' मात्र त्यामानाने अलीकडचा आहे. समुद्रसपाटीपासून १,००० मीटरच्या वरच्या मळ्यांतल्या चहाला हे नाव देतात. अलीशानचे मळे साधारण त्या उंचीपासून सुरू होतात, लीशानचे २,००० मीटरच्याही वर जातात. तिथे थंडी आणि दुपारचे ढग यांमुळे पान सावकाश वाढते, जाड होते आणि त्यात तुरटपणा कमी राहतो. म्हणून हा चहा लोण्यासारखा मऊ लागतो. भाजणी जवळजवळ नाहीच.

पण तैवान म्हणजे केवळ उंच डोंगर नव्हेत. उत्तरेकडे पिंगलिनचा 'पाओचोंग' आहे, जो गोळी न करता लांब पिळलेल्या पानाचाच ठेवतात आणि जो हिरव्या चहाच्या अगदी शेजारचा आहे. नानतौ जिल्ह्यात दोंगदिंग आहे, तुलनेने कमी उंचीवरचा आणि मध्यम भाजलेला. आणि बेइपू, अमेइ या भागांत 'दोंगफांग मेइरेन', म्हणजे पूर्वेची सुंदरी, आहे, ज्याची जन्मकथा मला या सगळ्यांत अधिक आवडते. ऐन उन्हाळ्यात हिरवे तुडतुडे या झुडपांचा कोवळा रस शोषतात. झाड त्या दंशाला उत्तर म्हणून काही सुगंधी द्रव्ये तयार करते आणि त्यातूनच या चहाला मधाचा व पिकलेल्या फळाचा वास येतो. साहजिकच त्या मळ्यात कीटकनाशक मारून चालत नाही. किडीने खाल्लेला माल फेकून न देता एका शेतकऱ्याने तो बाजारात नेला, चांगल्या भावाने विकला आणि गावात येऊन सांगितले, तेव्हा कोणी विश्वास ठेवला नाही. म्हणून याचे दुसरे नाव 'फुशारकीचा चहा' असे पडले, अशी तिकडची आख्यायिका आहे.

आपल्या घरी अलीशान आवडला असेल, तर पुढची पायरी म्हणून वूयीवर एकदम उडी घेऊ नये, दोंगदिंग घ्यावा. फुलांचा दरवळ आणि भाजणीचा खमंगपणा त्यात एकाच कपात भेटतात, आणि आपला ओढा कोणीकडे आहे हे तिथे कळते.

प्रश्न : मी मागवलेल्या 'अलीशान मिल्क ऊलाँग'ला अगदी आटवलेल्या दुधासारखा वास येतो. पाकिटात तर नुसती पाने आहेत. हा वास खरा असतो का?
एक वाचिका, दादर

उत्तर : थोडासा खरा, बहुधा बराचसा खोटा. तैवानच्या चहा संशोधन केंद्राने १९८१ मध्ये प्रसृत केलेला 'जिनश्वान' नावाचा एक वाण आहे. तो क्रमांक १२ चा वाण म्हणूनही ओळखला जातो. त्याच्या पानाला मुळातच सायीसारखा एक हलका वास असतो. मात्र तो इतका हलका असतो, की कोणी सांगितले नाही तर लक्षातही येऊ नये. पाकीट फोडताच बासुंदीचा घमघमाट सुटत असेल, तर त्यात वरून सुगंध मिसळलेला आहे, असे समजावे. मी स्वतः असा चहा एकदा हौसेने विकत घेतला होता. त्याच पानांवर पुन्हा पुन्हा ओतलेल्या पाण्यांपैकी पहिल्या पाण्याला खवा, दुसऱ्याला व्हॅनिला आणि तिसऱ्याला नुसते गरम पाणी! चांगला ऊलाँग तिसऱ्या-चौथ्या पाण्याला कुठे रंगात येतो, आणि सुगंध चोपडलेला चहा तोवर रिकामा होतो. पारख करायला एवढी एक खूण पुरेशी आहे.

'अलीशान' या शब्दाबद्दलही सावध राहावे. तैवानी वाण आणि तैवानी यंत्रे नेऊन व्हिएतनामच्या लाम डोंग प्रांतात आणि उत्तर थायलंडमधल्या मे सलोंगच्या डोंगरांत ऊलाँग होतो. आपल्या नावाने विकला गेला तर तो प्रामाणिक आणि पुष्कळदा चांगला चहा असतो. मे सलोंगचा तर किमतीच्या मानाने फारच चांगला. तोच माल तैवानच्या उंच डोंगराचा म्हणून खपवला जातो, तेव्हा गिऱ्हाईक फसते. पाकिटावर गाव, वाण, खुडणीचा हंगाम आणि भाजणीची पातळी यांपैकी काहीच नसेल आणि केवळ डोंगराचे चित्र असेल, तर त्या चित्राचे पैसे देऊ नयेत.

प्रश्न : 'दा होंग पाओ' हा चहा सोन्याहून महाग असल्याचे वाचले होते. मुंबईत मात्र तो ऑनलाइन काही शे रुपयांना मिळतो. हे कसे?
एक निवृत्त शिक्षक, गिरगाव

उत्तर : एकाच नावाच्या तीन गोष्टी आहेत, म्हणून. वूयीच्या एका कड्यावर, दगडी कठड्याच्या आत, सहा जुनी झाडे आहेत. सोन्याच्या भावाच्या बातम्या त्यांच्या चहाच्या, आणि त्यांची खुडणी २००६ पासून बंद आहे, तेव्हा तो चहा आपल्यालाच काय, कोणालाच मिळत नाही. त्या झाडांच्या कलमांपासून वाढवलेल्या झुडपांचा चहा ही दुसरी गोष्ट. तो मिळतो आणि महाग असतो. तिसरी गोष्ट म्हणजे वूयीतल्या वेगवेगळ्या वाणांचे मिश्रण, आणि बाजारातला बहुतांश 'दा होंग पाओ' हाच असतो. यात लबाडी आहे असे मानण्याचे कारण नाही. मिश्रण जमवणे हीही कारागिरी आहे, आणि गोड्या मसाल्याचे मोल कोणी त्यातल्या एकट्या दगडफुलावरून करत नाही.

प्रश्न : आपल्याकडे इतका चहा पिकतो, मग भारतीय ऊलाँग का नाही?
एक वाचक, मुलुंड

उत्तर : आहे की! दार्जिलिंगचे काही मळे आणि निलगिरीतले काही मळे ऊलाँग करतात, आणि सीमेपलीकडे नेपाळच्या इलाम भागातही तो होतो. दार्जिलिंगला तर त्याचा नैसर्गिक हक्कच आहे. रॉबर्ट फॉर्च्यून हा वनस्पतिशास्त्रज्ञ चिनी वेष करून १८४९ मध्ये वूयीच्या डोंगरांत जाऊन आला आणि ईस्ट इंडिया कंपनीसाठी त्याने चीनमधून रोपे व बी हिमालयातल्या रोपवाटिकांत पाठवले, हे प्रसिद्धच आहे. दार्जिलिंगच्या जुन्या मळ्यांत बारीक पानाची चिनी झुडपे अजून उभी आहेत. मळेवाले त्यांना आजही 'चायना जात' म्हणतात, आणि मोठ्या पानाची ती 'आसाम जात'. शिवाय दार्जिलिंगच्या उन्हाळी खुडणीला जो द्राक्षासारखा वास येतो, त्यातही तुडतुड्यांच्या दंशाचा वाटा आहे, म्हणजे वर सांगितलेल्या पूर्वेच्या सुंदरीची ती चुलत बहीणच म्हणायची.

तरीही दार्जिलिंगचा ऊलाँग पिताना तो आधी दार्जिलिंग लागतो आणि मग ऊलाँग. पान बारीक, पिळलेले, वास झटकन वर येणारा, आणि दोन-तीन पाण्यांत संपणारा. तैवानच्या गोळीसारखे सात-आठ वेळा पाणी घेणे त्याच्या प्रकृतीत नाही. चिनी चहाशी तुलना न करता प्यायला तर तो उत्तम आहे. निलगिरीचा मला अधिक गोलाईचा वाटतो, आणि तिथे थंडीत, दव गोठण्याच्या दिवसांत खुडलेल्या पानाचा मिळाला तर सोडू नये.

प्रश्न : जूनमध्ये घेतलेला ऊलाँग गणपतीपर्यंत गवतासारखा लागू लागला. मुंबईत हा चहा टिकवायचा कसा?
एक वाचिका, चेंबूर

उत्तर : आपला चहा बहुधा हलका, न भाजलेला असावा. आपल्या पावसाळ्यात पापड जिथे दोन दिवसांत सादळतो, तिथे त्याचा निभाव लागत नाही. मोठे पाकीट न घेता लहान लहान सीलबंद पुड्या घ्याव्यात, एका वेळी एकच फोडावी आणि ती महिन्याभरात संपवावी. न फोडलेल्या पुड्या फ्रिजमध्ये ठेवायला हरकत नाही. मात्र बाहेर काढल्यावर त्या खोलीच्या तापमानाला येईपर्यंत फोडू नयेत, नाहीतर थंड पानावर हवेतली वाफ धरते. आणि मसाल्याच्या डब्याशेजारी तर मुळीच ठेवू नये. माझ्या घरी लीशानची एक पुडी आठवडाभर हिंगाच्या डबीशेजारी राहिली होती, आणि त्यानंतर ती आमटीत टाकण्याच्याच योग्यतेची उरली.

भाजलेल्या चहाचे तसे होत नाही. वूयीचा किंवा जुन्या रीतीचा तिएग्वानयिन घट्ट झाकणाच्या डब्यात पावसाळा काढतो, आणि थोडा सादळलाच, तर कोरड्या तव्यावर, अगदी मंद आचेवर, हलवत हलवत दोन मिनिटे परतला की पुन्हा उभा राहतो. हलक्या चहावर मात्र हा प्रयोग करू नये. मी स्वतः जून ते सप्टेंबर भाजलेला आणि दिवाळीनंतर हलका, असेच वेळापत्रक ठेवले आहे.

प्रश्न : ऊलाँग करताना पाणी कोणते घ्यावे, आणि त्यात दूध, आले घातले तर चालेल का?
एक वाचक, परळ

उत्तर : भातसा-तानसा-वैतरणेचे नळाचे पाणी तसे मृदू असते आणि ते गाळून, ताजे उकळून वापरले की पुरे, टँकरचे किंवा बोअरवेलचे जड पाणी असेल तर चहा मुका होतो. दोन मुलूख शेजारी ठेवून पाहायचे असतील, तर चवपारख्यांचे प्रमाण वापरावे : दोन सारख्या कपांत प्रत्येकी ३ ग्रॅम चहा, १५० मिलीलिटर उकळते पाणी, वर बशी झाकून ५ मिनिटे.

दूध आणि आले घालायला कायद्याची बंदी नाही. वूयीचा खूप भाजलेला, स्वस्तातला चहा दूध पेलतोही. लीशानच्या पुडीची किंमत दिलेल्या माणसाने मात्र आले नेहमीच्या चहासाठी राखून ठेवावे.